हॉट प्रेसमधलं घर

डब्लिनमध्ये खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात ते मला तोवर पाठ झालं होतं. पगाराची स्लिप आहे का, आधीच्या मालकाचं पत्र आहे का, रोज फोडणी देता का. ओंगार या उपनगरातल्या एका घरी मात्र मालकिणीने दारातच विचारलं, "अंघोळीला किती वेळ लागतो तुला?"

आधीच्या घरी गरम पाण्यावरून मी इतकी बोलणी खाल्ली होती की उत्तर तयारच होतं. "पाच मिनिटं. घाईत असले तर चारच."

तिचा चेहरा उतरला. "एवढीच? आणि केस धुवायचे असतील तेव्हा?"

"तेव्हा मात्र अर्धा तास जातो," मी कबूल केलं.

"ग्रँड! मग केस रोज धूत जा," ती म्हणाली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

हे दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत. महिन्याभरात जग बंद झालं, माझं ऑफिस माझ्या खोलीतल्या टेबलावर आलं, आणि पुढची पावणेदोन वर्षं मी आणि ती एका छपराखाली अडकलो. 'अडकलो' हा शब्द मी तेव्हा आईशी बोलताना वापरायचे. आता वापरवत नाही.

ती अठ्ठावन्न वर्षांची होती, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि केस स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःच कापायची, त्यामुळे तिची मागची बाजू दर महिन्याला वेगळी दिसे. युद्धानंतर व्हिएतनाममधून पळालेल्या हजारोंसारखी सोळाव्या वर्षी मामाबरोबर बोटीत बसली ती शेवटी आयर्लंडला येऊन पोचली. इंग्रजी ती चिप्सच्या दुकानात काउंटरमागे शिकली, म्हणून तोंड उघडलं की पक्की डब्लिनची बाई. कुठल्याही पुरुषाला ती 'युअर मॅन' म्हणायची, मग तो पोस्टमन असो की टीव्हीवर रोजचे आकडे सांगणारा डॉक्टर. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, इथे मी ते माझ्या भाषेत मांडते आहे.

तिला नावाने हाक मारलेली मात्र खपत नसे. मी पहिल्या दिवशी मारली, तर म्हणाली, "मी काय तुझ्या वर्गात होते? को म्हण." को म्हणजे आत्या. आयर्लंडमध्ये आजोबांच्या वयाच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात, आणि ऑफिसात साहेबाच्या साहेबाला तसं बोलावताना माझी जीभ अजून अडखळत होती. मोठ्या माणसाला नात्याने हाक मारायची सोय झाली म्हणून मला इतकं हलकं वाटलं, की तिच्या पुढच्या निम्म्या खुळांवर मी तिथेच पांघरूण घातलं.

खुळं पुष्कळ होती. तीस वर्षं करी-चिप्स विकून बावन्नाव्या वर्षी तिने दुकान मोडलं. सगळ्यांना वाटलं, आता ही स्पेनला जाऊन उन्हात पडणार. तिने उलट व्हिएतनामहून रोगणाचे डबे मागवले. तिच्या वडिलांचं सैगॉनच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या एका गावात रोगणाच्या चित्रांचं काम होतं. घराच्या पुढच्या पडवीत कारखाना आणि मागे संसार. एका झाडाचा चीक काढून त्याचं हे रोगण करतात. लाकडी फळीवर त्याचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा, तिसरा. मधे कुठे चांदीचा वर्ख, कुठे अंड्याची टरफलं बसवायची. आणि एवढं सुरेख चित्र झालं की सगळ्यावर काळं रोगण फासून ते बुजवून टाकायचं. मग पाणी घेऊन काचकागदाने घासत बसायचं, बुजवलेलं हळूहळू वर येईपर्यंत.

तीन आठवड्यांच्या कामावर तिने माझ्यादेखत काळं फासलं तेव्हा मी ओरडलेच. तिने वरही बघितलं नाही. "ज्याला घाई आहे त्याने चिप्स तळावेत," म्हणाली. हे तिचं ठेवणीतलं वाक्य होतं. माझं प्रमोशन लांबलं तेव्हाही तिने मला हेच ऐकवलं.

तिच्या घराचं गर्भगृह म्हणजे हॉट प्रेस. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटाला हॉट प्रेस. धुतलेले टॉवेल, चादरी तिथे ठेवल्या की उबदार आणि खुटखुटीत राहतात. सगळा देश हॉट प्रेसमध्ये कपडे कोरडे करतो. को टॉवेल मुद्दाम भिजवून, अर्धवट पिळून आत टांगायची आणि त्यांच्यामध्ये तिची फळी आडवी ठेवायची. बाथरूमची खिडकी उघडायची नाही आणि अंघोळ झाली की दार सताड उघडं टाकायचं, म्हणजे वाफ बाहेर हॉट प्रेसकडे जाते, असा नियम होता. का, ते तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकेकाचं वेड, म्हणून सोडून दिलं. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं वेड अंड्यांचं. रोगणात पांढरा रंग टिकत नाही, तो पिवळा-तपकिरी पडतो. म्हणून पांढरं हवं तिथे अंड्याची टरफलं बारीक चुरून बसवतात. पहिल्या लॉकडाऊनमध्ये अख्खं ओंगार केक भाजत सुटलं होतं, आणि तिथे कोला आपली खाण सापडली. तिने फाटकाला बादली अडकवून वर पाटी लावली, 'टरफलं इथे टाका. आतली साल काढून.' शेजाऱ्यांना वाटलं, बागेतल्या गोगलगायींसाठी असेल. लोक खरंच साल सोलून टरफलं टाकू लागले. को संध्याकाळी बादली घेऊन बसायची आणि टरफलांवरून माणसं ओळखायची. "अकरा नंबरवाले धुऊन देतात, घरंदाज माणसं. चौदा नंबरच्या युअर मॅनचं बायकोशी भांडण झालेलं दिसतं, आज सगळी अंडी भिंतीवर आपटल्यासारखी फुटली आहेत." दुसऱ्या दिवशी चौदा नंबरच्या दाराशी ती गरम सुपाचा डबा ठेवून आली. भांडण खरंच झालं होतं की नाही देव जाणे, पण डबा चाटूनपुसून परत आला.

मलाही आठवड्याला चार अंडी खाण्याची सक्ती होती. घरी श्रावण पाळणारी मुलगी मी, पण श्रावणातही को म्हणाली, "तू खाऊ नकोस, फोड आणि मला दे." एवढी तडजोड ती करायची.

रोगणाला मात्र हात लावू नकोस, असं तिने बजावलं होतं. लावू नकोस म्हटल्यावर मी लावलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चेहरा भोपळ्याएवढा झाला, डोळे मिटले आणि हातावर फोड आले. नेमका तेव्हाच नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

"बाप्पा! काहून सुजली तू अशी?" आई किंचाळली. "बिब्बा उतला तुला! तिकडे कुठून आणला बिब्बा?"

मी कितीही समजावलं तरी आई ऐकेना, आणि गंमत म्हणजे तिचंच खरं होतं. रोगणाचं ते झाड बिब्ब्याच्याच गणगोतातलं निघालं. आईने सुक्या खोबऱ्याची वाटी कॅमेऱ्यासमोर धरून हुकूम सोडला, "हे चावून लाव, मी सांगून राहिली ना!" तेवढ्यात आवाज ऐकून को आत आली आणि तिने तिची हिरव्या तेलाची बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. डोकेदुखीपासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर तिच्याकडे तेच एक औषध होतं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण भांडण अगदी व्यवस्थित झालं. शेवटी माझ्या एका गालाला खोबरं आणि दुसऱ्या गालाला हिरवं तेल, अशी वाटणी झाली. आठ दिवस मी ऑफिसच्या मीटिंगांना कॅमेरा बंद ठेवून बसले. कुठला गाल आधी उतरला यावर दोघींचं आजही एकमत नाही.

पण या सगळ्या खुळांच्या तळाशी एक गोष्ट होती, ती मला रविवारच्या फोनमुळे कळली.

कोला एक थोरली बहीण होती, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. ती मागेच राहिली होती. को तिला 'दुसरी' म्हणायची. त्यांच्याकडे दक्षिणेत पहिल्या मुलाला पहिला म्हणतच नाहीत, थेट दोनपासून मोजतात, म्हणजे मुलं पळवणाऱ्या भुतांना पहिलं कोण ते कळत नाही. हे ऐकून मी तिला आमच्याकडच्या दगडू आणि धोंडूंबद्दल सांगितलं. मुलगा जगावा म्हणून त्याला दगड म्हणायचं. कोला हे इतकं पटलं की तिने बागेतल्या मरायला टेकलेल्या एका रोपाचं नाव धोंडू ठेवलं.

दर रविवारी सकाळी दुसरीला व्हिडिओ कॉल लागायचा. फोन धरायचं काम माझ्याकडे, कारण कोचे दोन्ही हात फळीला लागलेले. ती फळी उचलून चेहऱ्यासमोर धरायची आणि तिच्यामागून बोलायची. पलीकडून दुसरी फोन असा धरायची की आम्हाला तिचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा एवढंच दिसे. अशा दोन बहिणी, एक फळीमागे आणि एक कपाळापुरती, पाऊण-पाऊण तास कडाकडा भांडायच्या.

फळीवर त्यांचं घर होतं. वडिलांची पडवी, पाण्याचा रांजण, मागचं फळाचं झाड, दार. ते घर रस्त्याच्या कामात केव्हाच पाडलं गेलं. फोटो एकही नाही. आईवडील गेले, मामाही गेला. ते घर आता जगात फक्त दोन डोक्यांत उरलं होतं, आणि त्या दोन डोक्यांचं आपसात पटत नव्हतं. को म्हणे दार डावीकडे होतं, दुसरी म्हणे उजवीकडे. को म्हणे रांजण पायरीशी, दुसरी म्हणे झाडाखाली. दर रविवारी पलीकडून एकच शब्द फटाक्यासारखा फुटायचा, आणि भाषा न येताही तो मला पाठ झाला. चूक! फोन बंद झाला की को अर्धा दिवस बहिणीला शिव्या देत चहा प्यायची आणि सोमवारी सकाळी काचकागद घेऊन दार पुसायला बसायची.

"तुला ते डावीकडे आठवतं ना, मग डावीकडेच ठेव की," मी एकदा म्हटलं.

"मी निघाले तेव्हा सोळा वर्षांची होते, ती सव्वीसची. तिचं आठवणं जास्त पिकलेलं आहे." मग म्हणाली, "तिचे डोळे जात चाललेत. दिसतंय तोवर तिने एकदा हो म्हणायला हवं. नंतर मी कोणाला विचारू?"

हे ती अगदी सरळपणे म्हणाली. मी उठून तिच्या कपात चहा ओतला.

त्याच सुमारास तिला एक ईमेल आली. निरनिराळ्या देशांत वाढलेल्या व्हिएतनामी चित्रकारांचं एक प्रदर्शन डब्लिनमध्ये भरणार होतं, विषय 'घर'. ते जुळवणारी पोरगी इथेच जन्मलेली, टक्कल केलेली, आणि बोलायला फार गोड. ती फाटकाबाहेर दोन मीटरवर उभी राहून कोशी बोलली. बाकीचे लोक काय करताहेत ते तिने सांगितलं. एकजण कागदाच्या होड्या करणार, एकजण मोडक्या नावेचा सांगाडा टांगणार, एकीचं समुद्राच्या आवाजाचं काहीतरी. मग जरा चाचरत म्हणाली, "तुमच्या चित्रात बोट कुठे येते?"

"येत नाही," को म्हणाली.

"म्हणजे प्रवासाची काही खूण..."

"पोरी, बोटीत मी सहा दिवस ओकत होते. ज्यावर ओकले त्याचं चित्र काढू? तू चल काढायला, मी बादली धरते." पोरगी हसली, पण को हसत नव्हती. "आणि बोट माझं घर नव्हतं. घर होतं म्हणून तर बोटीत रडले."

पोरगीने वहीत ते लिहून घेतलं. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकासाठी कोने स्वतःविषयी लिहून द्यायचं होतं, ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी दीड पान लिहिलं. कोने ते वाचलं आणि सगळं खोडून एकच ओळ ठेवली, 'मी चांगल्या चिप्स करायचे.' ती तशीच छापली गेली.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. दोन हजार एकवीसच्या जानेवारीत कोच्या एका मैत्रिणीला कोविड निघाला, म्हणून को चौदा दिवस आपल्या खोलीत बंद झाली. मी दाराशी ताट ठेवायचे आणि आतून ती मिठावरून सूचना द्यायची. घर पहिल्यांदाच माझ्या ताब्यात आलं होतं, आणि आईने फोनवर जिन्यातल्या भिंतीवरची काळी बुरशी बघितली.

"दमा होईल तुला दमा! अशा ओलीत काय करून राहिली तू?" आई म्हणाली. "आधी घर वाळव."

नागपूरच्या माणसाला ओल सहन होत नाही. आमच्याकडे पापड दोन तासांत वाळतो. मी हवेतली ओल शोषून घेणारं एक यंत्र मागवलं आणि जिन्याच्या वर, हॉट प्रेसच्या तोंडाशी लावलं. रोज त्याच्या टाकीत लिटरभर पाणी जमायचं, ते मी आईला फोनवर दाखवायचे आणि दोघी धन्य व्हायचो. मग हॉट प्रेस उघडला. आत ओले टॉवेल, त्यात कोची फळी. मला खरंच भडभडून आलं. बिचारीचं चित्र, लाकडाचं, असं ओलीत कुजतंय! मी टॉवेल काढले, धुतले, खडखडीत वाळवले. आणि फळीवर धूळ बसू नये म्हणून त्यातला सगळ्यात स्वच्छ, कोरडा टॉवेल तिच्यावर नीट चारही बाजूंनी खोचून पांघरला. आईने मला लहानपणापासून टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यावर काहीतरी पांघरायला शिकवलेलं आहे.

चौदा दिवसांनी को बाहेर आली, हॉट प्रेस उघडला आणि म्हणाली, "हा टॉवेल निघत नाहीये."

हे रोगण ओलीत वाळतं. उन्हात नाही, कोरड्या हवेत तर मुळीच नाही. त्याला ऊब आणि दमट हवा लागते, म्हणून तर माझ्या अंघोळी, ती वाफ, ते भिजके टॉवेल. दोन आठवडे मी घरातला एकेक थेंब ओलावा शोषून घेतला होता आणि वरचा हात चिकटच्या चिकट राहिला होता. त्यात टॉवेल रुतला होता.

मी रडायला लागले. सहा महिन्यांचं काम, आणि पलीकडे दुसरीचे डोळे दिवसागणिक जाताहेत, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, मी खोली सोडते. कोने टॉवेल एका टोकाला धरून हळूहळू ओढला, तो फाडल्यासारखा आवाज करत सुटला, आणि ती फळीकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. जिन्याच्या पायरीवर बसून, पोट धरून, हिरव्या तेलाची बाटली हुंगत हसत होती.

"इतक्या वर्षांत या देशात एकाही माणसाला आपलं घर कोरडं करता आलं नाही," ती म्हणाली, "आणि ही बया घर वाळवून दाखवते!"

हवा परत दमट कशी करायची हा प्रश्न मात्र माझ्या गावाने सोडवला. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर लावतात, ओल्या वाळ्याच्या पडद्यांतून पंखा हवा ओढतो आणि खोली गारेगार आणि चिंब होते. मी बागेतली बटाट्याची दोन गोणपाटं धुतली, भिजवली, टेबलफॅनसमोर टांगली, खाली गरम पाण्याची परात ठेवली, आणि वरच्या एका छोट्या खोलीत विदर्भाचा कूलर उभा केला. भिंतीला पाणी सुटलं. को आत येऊन डोळे मिटून उभी राहिली. "पावसाळ्यातला आमचा कारखाना," म्हणाली. त्यानंतर आम्ही दोघींनी, मी हातमोजे चढवून, तीन आठवडे शेजारी बसून फळी घासली. माझ्या हाताने एका जागी बरोबर तपकिरी छटा वर आली, तेव्हा ती म्हणाली, "झुरळाचा पंख!" ती शाबासकी होती. त्यांच्या कामात त्या रंगाला तेच नाव आहे.

टॉवेलची वीण एका कोपऱ्यात उमटली ती मात्र तिने पुसली नाही. जूनमध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा मास्क लावलेली ती टक्कलवाली पोरगी त्याच कोपऱ्यासमोर उभी राहून लोकांना सांगत होती, की हा स्मृतीचा पोत आहे, विणला आणि उसवला गेलेला. को माझ्या कानात पुटपुटली, "सेलमध्ये घेतलेला." त्या चित्रात दार डावीकडे होतं. का, ते सांगायचं राहिलं आहे.

मार्चमधली गोष्ट. फळी पुन्हा दाखवण्याजोगी झाली आणि रविवारचा फोन लागला. कोने ती समोर धरली आणि लढायच्या तयारीने वाट बघत राहिली. पलीकडून दुसरी मऊ आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"सुंदर आहे म्हणते. सगळं बरोबर आहे म्हणते."

मी टाळ्याच वाजवल्या. एका वर्षात पहिल्यांदा! पण को फळी खाली घेईना. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, छान, बरोबर. तिसऱ्या रविवारी कोने माझ्याकडे बघितलं आणि फळी उलटी धरली. छप्पर खाली, पायरी वर.

दुसरी म्हणाली, "हो, अगदी असंच होतं आपलं घर."

फोन बंद झाल्यावर कोने मला तेवढा अर्थ सांगितला, पण बहिणीला शिव्या दिल्या नाहीत. चहाही केला नाही. फळी तशीच उलटी टेबलावर ठेवून ती नुसती बसून राहिली. "आयुष्यात तिने मला कधी बरोबर म्हटलं नाही," ती म्हणाली. "मला कळायला हवं होतं." दुसरीच्या मुलीने, म्हणजे कोच्या भाचीने नंतर सांगितलं की मोतीबिंदू आहे, ऑपरेशन सहज होईल असं डॉक्टर म्हणतात, पण आई तयार नाही. आता या वयात बघायचं काय राहिलंय, म्हणते.

मी हे माझ्या आईला सांगितलं. आईचं स्वतःचं ऑपरेशन वर्षापूर्वीच झालं होतं.

"दिसत नसलं की माणूस सगळ्याला हो म्हणते," आई म्हणाली. "मी नव्हती म्हणत? साडी दाखवली की छान, फोटो दाखवला की छान."

"मग तू कशी तयार झालीस?"

"मी कुठे तयार झाली! लग्नात त्या समोरच्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, ब्लाउज दुसऱ्याच साडीचा घालून आली. असा राग आला बाप्पा मला! दुसऱ्याच दिवशी गेली दवाखान्यात. डोळ्यांसाठी नाही जात कोणी. चिडून जाते माणूस."

मी हे कोला जसंच्या तसं सांगितलं. तिने काचकागद उचलला आणि आठवडाभर घासून दार उजवीकडून डावीकडे आणलं. रविवारी फोन लागल्यावर तिने फळी वर उचललीच नाही, मागे सोफ्यावर बसून नुसती बोलली. काय बोलणार ते तिने मला आधीच सांगितलं होतं. दार मी म्हणते तसं डावीकडे केलं आहे, रांजण मी म्हणते तिथेच आहे, खाली सही केली आहे, आणि साऱ्या जगासमोर ते लागणार आहे. लोक म्हणतील, घर असंच होतं. तुला काय, तुला तर सगळं बरोबरच वाटतं.

पलीकडून जो आरडाओरडा झाला त्याने फोन माझ्या हातात थरथरला. कपाळ आणि पंखा दोन्ही नाहीसे झाले. भाची धावत आली, काय झालं विचारायला लागली, आणि फोन कटला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. को फोन खिशात घालून घरभर फिरायची, चार्जिंगला लावतानाही त्याच्याजवळ उभी राहायची. एके दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तर ती पोतंभर बटाटे चिरून चिप्स तळत बसली होती. "त्या घरातलं मला ओरडणारं एकच माणूस उरलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि मी तिला आंधळी म्हणून हिणवलं. आता ती बोललीच नाही तर?" कल्पना माझ्या आईची होती, ती सांगितली मी. मी माझ्या चिप्सची बशी तशीच सरकवून ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात भाचीचा निरोप आला. दुसरीने स्वतःच गाडी मागवली होती. दवाखान्याच्या दारात तिने डॉक्टरांना सांगितलं, की लवकर करा, माझी बहीण खोटं घर लोकांना दाखवते आहे.

मे महिन्यातल्या त्या रविवारी को पहाटेच उठली होती. फळी तिने तळहाताने घासघासून इतकी चकचकीत केली होती की तिच्यात खिडकी दिसत होती. फोन लागला. मी तो दोन्ही हातांनी धरला. या वेळी पडद्यावर कपाळ नव्हतं. एक पूर्ण चेहरा होता, काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला, हुबेहूब कोचा, दहा वर्षांनी पुढचा. कोने नेहमीसारखी फळी आपल्यासमोर उचलली आणि मागून काहीतरी म्हणाली. बघ, म्हणाली असावी.

दुसरी पुढे वाकली. इतकी, की पडद्यावर फक्त एक डोळा उरला. तो डोळा फळीवरून फिरला. मी त्या एका शब्दाची, 'चूक'ची, वाट बघत होते. ती काहीतरी भलतंच म्हणाली. फळी हलली नाही. ती पुन्हा म्हणाली, जोरात.

"काय म्हणते, को?"

"ती फळी बाजूला कर म्हणते," फळीमागून आवाज आला. "मला तुला बघायचंय म्हणते."

कोने फळी खाली घेतली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कोणीच बोलत नव्हतं, ही गोष्ट त्या घरात रविवारी पहिल्यांदा घडत होती. मग दुसरी हळूच काही म्हणाली, आणि कोच्या गळ्यातून हसणं आणि रडणं एकदमच बाहेर आलं.

"विचारते," को म्हणाली, "तू एवढी म्हातारी कधी झालीस."

तिने फळी भिंतीला टेकवून ठेवली, माझ्या हातातून फोन घेतला, आणि बहिणीला नीट दिसावं म्हणून खिडकीशी उजेडात जाऊन बसली.